सार्वजनिक ब्लॉकचेनवरील नोंदीला उत्तरदायी कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुदत ठेवीच्या पावत्या, कर्जरोखे, बिलांवरील उचल अशा नियमनाखालील व्यवहारांच्या नोंदी सार्वजनिक ब्लॉकचेनवर ठेवाव्यात, हा प्रस्ताव आता परदेशी बँकांपुरता राहिलेला नाही. ठाणे आणि नवी मुंबईतील नागरी सहकारी बँकांच्या संचालक मंडळांपुढेही तो सॉफ्टवेअर पुरवठादारांमार्फत येऊ लागला आहे. बँकांच्या माहितीप्रणालीचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय असल्याने अशा काही बैठकांना मी उपस्थित असते, आणि तेथील चर्चा ऐकल्यावर हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. सार्वजनिक ब्लॉकचेन नियमनाखालील संस्थांना सरसकट बंदही करू नये आणि सरसकट खुलाही करू नये, असे माझे मत आहे. ज्या नोंदीबद्दल बँक स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पुस्तकांवरून उत्तर देऊ शकते, आणि चूक झाल्यास ती निस्तरूही शकते, तेवढ्याच नोंदींसाठी तिचा वापर असावा. ही मर्यादा कोठे आहे, हे ठरवण्याचे काम मात्र पुरवठादाराकडे न सोडता नियामकाने करावे.

सार्वजनिक ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन किंवा इथेरियमसारखी अशी खातेवही, जिची प्रत कोणीही, कोणाच्याही परवानगीशिवाय, आपल्या संगणकावर ठेवू शकतो, वाचू शकतो आणि शुल्क भरून तिच्यात नोंद करू शकतो. परवानगीवर चालणाऱ्या ब्लॉकचेनमध्ये हे अधिकार ठरावीक सभासदांनाच असतात. आपल्या वित्तक्षेत्रात आतापर्यंत झालेले काम मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे आहे. एकच इन्व्हॉइस दोन ठिकाणी वटवले जाऊ नये म्हणून, लघुउद्योगांची बिले वटवून देणाऱ्या 'ट्रेड्स' व्यवस्थेच्या त्या वेळच्या तिन्ही मंचांनी २०१८ मध्ये अशी सामायिक यंत्रणा स्वीकारली. कर्जरोख्यांमागचे तारण आणि कर्जाच्या अटी यांवर देखरेख ठेवण्यासाठी डिपॉझिटरींनी, म्हणजे रोख्यांच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी, ही प्रणाली वापरावी, असे सेबीने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाने सांगितले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले.

मग सार्वजनिक ब्लॉकचेनचा विचार करायचाच कशाला, असा प्रश्न संचालक विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर परवानगीवर चालणाऱ्या प्रकल्पांच्या अनुभवात सापडते. आयबीएम आणि मर्स्क यांनी जहाजवाहतुकीच्या कागदपत्रांसाठी उभारलेला ट्रेडलेन्स बंद करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. युरोपातील बँकांचा वी डॉट ट्रेड हा व्यापारवित्ताचा मंच त्याच वर्षी दिवाळखोरीत गेला. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली समाशोधन प्रणाली ब्लॉकचेनवर नेण्याचा अनेक वर्षांचा प्रकल्प नोव्हेंबर २०२२ मध्येच गुंडाळला आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर निर्लेखित केले. प्रत्येक प्रकल्पाची कारणे वेगळी होती. तांत्रिक अडचणी होत्या, तशीच स्पर्धक सभासदांची एकमेकांवरील अविश्वासाची भावनाही होती. पण अशी यंत्रणा चालवणारी संस्था थकली की तिच्यावरच्या नोंदींना वाली उरत नाही, हे सर्वत्र सारखेच दिसते. सार्वजनिक ब्लॉकचेन कोणा एका कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून नसते. ही तिची खरी जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

जगातील नियमनाखालील संस्थांनी ती वापरलीही आहे. सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेच्या समूहाने एप्रिल २०१९ मध्ये १० कोटी युरोचे रोखे इथेरियमवर काढले. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने एप्रिल २०२१ मध्ये तेवढ्याच रकमेचे रोखे त्याच ब्लॉकचेनवर नोंदवले. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रोजेक्ट गार्डियनमधील पहिला व्यवहार नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉलिगॉन या सार्वजनिक नेटवर्कवर झाला आणि ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपला टोकनरूपी निधी, म्हणजे ज्यातील हिस्सा ब्लॉकचेनवरील डिजिटल नोंदीच्या (टोकनच्या) रूपात असतो असा निधी, इथेरियमवर आणला. मला यांपैकी सर्वांत बोधक वाटते ते सीमेन्सचे उदाहरण. या कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ६ कोटी युरोचे रोखे पॉलिगॉनवर काढले, परंतु पैशांची देवाणघेवाण नेहमीच्या बँकिंग मार्गानेच केली. सप्टेंबर २०२४ मध्ये ३० कोटी युरोचे पुढचे रोखे काढताना तीच कंपनी परवानगीवर चालणाऱ्या खासगी ब्लॉकचेनकडे वळली. पुरवठादारांच्या सादरीकरणात पहिला व्यवहार असतो, दुसरा नसतो.

आता अडचणींकडे येते. पहिली अडचण व्यवहार अंतिम केव्हा होतो, ही आहे. आपल्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार अधिकृत पेमेंट यंत्रणेतील सेटलमेंट, म्हणजे देण्याघेण्याची पूर्तता, अंतिम असते आणि मागे घेता येत नाही. ही अंतिमता कायद्याने दिलेली आहे. सार्वजनिक ब्लॉकचेनवरची अंतिमता संगणकांच्या एकमतातून येते. बिटकॉइनमध्ये साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, जोडला जातो आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक, म्हणजे सुमारे तासभर थांबण्याचा प्रघात आहे. तेवढ्यानेही खात्री मिळत नाही, उलटण्याची शक्यता नगण्य होते एवढेच. इथेरियममध्ये सुमारे तेरा मिनिटांनी ब्लॉक अंतिम मानला जातो, परंतु मे २०२३ मध्ये लागोपाठ दोन दिवस काही काळ ही अंतिमता मिळणेच थांबले होते. इथेरियम क्लासिक या तुलनेने लहान नेटवर्कवर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये बहुमताची संगणकशक्ती मिळवून आधी झालेले व्यवहार उलटवण्यात आले. आणि जून २०१६ मध्ये 'द डीएओ' या निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) पळवले गेल्यानंतर २० जुलै २०१६ रोजी इथेरियमच्या समुदायाने खातेवहीचा प्रवाहच बदलून ते परत मिळवले. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही वाद होतो. लेखापरीक्षक म्हणून मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी कोणतेही अपील प्राधिकरण नव्हते.

येथूनच उत्तरदायित्वाचा प्रश्न सुरू होतो आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या आउटसोर्सिंगबाबत निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. सेवा बाहेरून घेतली तरी जबाबदारी संस्थेचीच राहते, पुरवठादाराशी लेखी करार हवा आणि त्या करारात संस्थेला व रिझर्व्ह बँकेला तपासणीचा हक्क हवा, हा त्यांचा गाभा आहे. ऐरोली किंवा महापे येथील डेटा सेंटरमध्ये बँकेचा सर्व्हर असेल, तर मी तेथे जाते, प्रवेशाची नोंदवही पाहते, बॅकअप परत उभा करून दाखवायला सांगते. सार्वजनिक ब्लॉकचेनवर व्यवहार पडताळणारे व्हॅलिडेटर जगभर विखुरलेले आणि बहुतांशी अनामिक असतात. त्यांच्यापैकी कोणाशी करार करायचा आणि कोणाचे दप्तर तपासायचे? आपण भरलेले शुल्क निर्बंध घातलेल्या व्यक्तीला तर पोहोचत नाही ना, हेही बँकेला खात्रीने सांगता येत नाही. बँक-नियमनाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या बासल समितीच्या ऑगस्ट २०२४ च्या कार्यपत्रिकेत परवानगीमुक्त ब्लॉकचेनच्या याच जोखमी मांडलेल्या आहेत: त्रयस्थांवरील अवलंबन, कारभाराची संदिग्धता, मनी लाँडरिंग, गोपनीयता आणि सेटलमेंटची अंतिमता. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये याच समितीने ठरवलेल्या मानकात, पुरेशी सुरक्षित न मानलेल्या क्रिप्टो-मालमत्तेच्या गटाला १२५० टक्के जोखीमभार लावला आहे. आठ टक्के भांडवलाच्या हिशेबाने शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे पूर्ण शंभर रुपयांचे भांडवल, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या माहितीची. ठाण्यातील एका बैठकीत एका पुरवठादाराने मुदत ठेवीची पावती ब्लॉकचेनवर कशी नोंदवली जाते, याचे प्रात्यक्षिक दाखवले. नोंद सार्वजनिक चाचणी-नेटवर्कवर होती. पडद्यावर शून्य ते नऊ आकडे आणि काही रोमन अक्षरे यांची लांबलचक ओळ दिसत होती, आणि हे सर्व सांकेतिक व सुरक्षित आहे असे संचालकांना सांगण्यात आले. मी त्याच पानावर ती ओळ साध्या मजकुरात पाहण्याचा पर्याय निवडण्यास सांगितले. एका क्लिकसरशी ठेवीदाराचे नाव, रक्कम, व्याजदर आणि मुदतपूर्तीची तारीख स्पष्ट वाचता आली, आणि ते नाव बनावट नव्हते. ती ओळ सांकेतिक नव्हतीच. मजकूर फक्त वेगळ्या अंकपद्धतीत लिहिला होता. हे नाव त्या नेटवर्कवरून काढून टाकण्याचा मार्ग ना बँकेकडे होता, ना पुरवठादाराकडे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. शिवाय पेमेंटसंबंधीची संपूर्ण माहिती भारतातच साठवली पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्येच बजावले आहे. ज्या खातेवहीची प्रत कोणत्याही देशातील कोणीही ठेवू शकतो, तिच्यावर अशी माहिती लिहिणे या दोन्ही तरतुदींशी सरळ विसंगत आहे.

यावर नेहमी असे सुचवले जाते की, माहिती बँकेतच ठेवावी आणि तिचा हॅश, म्हणजे त्या माहितीवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, तेवढा ब्लॉकचेनवर लिहावा. उपाय चांगला आहे, पण तो निष्काळजीपणे वापरला तर निरुपयोगी ठरतो. समजा, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योजकाने इन्व्हॉइस वटवले आणि त्याचा जीएसटी क्रमांक, इन्व्हॉइस क्रमांक, तारीख व रक्कम एकत्र करून काढलेला हॅश सार्वजनिक झाला. हॅशवरून मूळ माहिती उलगडता येत नाही हे खरे. परंतु येथे उलगडण्याची गरजच नाही. त्याच्या स्पर्धकाला जीएसटी क्रमांक माहीत असतो, इन्व्हॉइस क्रमांकांची मालिका साधारण ठाऊक असते, मालाचा दर बाजारात सर्वांना माहीत असतो. साध्या लॅपटॉपवर लाखो शक्यतांचे हॅश काढून ते जुळवून पाहणे हे अल्प काळाचे काम आहे. जुळले की कोणी, केव्हा, किती रकमेचे बिल वटवले हे उघड होते, आणि उद्योजकाची पैशांची चणचण बाजारात कळते. म्हणून हॅश काढण्यापूर्वी माहितीत पुरेसा लांब, गुप्त आणि प्रत्येक नोंदीसाठी वेगळा असा यादृच्छिक आकडा मिसळावा लागतो. अडचण अशी की, प्रत्येक बँकेने आपापला वेगळा आकडा मिसळला तर एकाच इन्व्हॉइसचे दोन बँकांत दोन वेगळे हॅश तयार होतात आणि दुबार वटवणूक पकडण्याचा मूळ हेतूच साधत नाही. तेव्हा ही तुलना करण्यासाठी पुन्हा एखादी विश्वासू, परवानगीवर चालणारी यंत्रणा मध्ये ठेवावीच लागते. एवढी पुढची चर्चा मी अजून एकाही बैठकीत ऐकलेली नाही, आणि याची मला खरोखर चिंता वाटते.

तरीही योग्य काळजी घेऊन लिहिलेल्या हॅशचा मोठा उपयोग आहे. सदनिकेचे भागप्रमाणपत्र हरवले की आपण वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतो. ती नोटीस मालकी सिद्ध करत नाही. अमुक दिवशी अमुक दावा उघडपणे केला गेला आणि तो नंतर नाकारता येणार नाही, एवढे ती सिद्ध करते. बँकेने रोजच्या कामकाजाच्या अखेरीस आपल्या व्यवहार-नोंदींचा एकत्रित हॅश सार्वजनिक ब्लॉकचेनवर लिहिला, तर पुढे कोणी मागील तारखेच्या नोंदी बदलल्यास तो बदल लेखापरीक्षकाला निश्चितपणे पकडता येईल. त्यात ग्राहकाची कोणतीही माहिती बाहेर जात नाही, पैसे ब्लॉकचेनवरून फिरत नाहीत आणि उद्या ते नेटवर्क बंद पडले तरी बँकेचे काम अडत नाही. नियामकाने आधी मोकळी करावी ती ही वाट.

अर्थात अशा पुराव्याचीही मर्यादा आहे आणि ती आपल्या भागातील ठेवीदारांना वेगळी सांगायला नको. २०१९ मध्ये पीएमसी बँकेत एका बांधकाम समूहाची कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवल्याचे उघड झाले आणि ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत पुस्तकांत दाखवलेली रोकड तिजोरीत नसल्याचे आढळले आणि १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. या दोन्ही बँकांच्या नोंदी ब्लॉकचेनवर असत्या, तर बनावट खाती आणि नसलेली रोकड तेवढीच चिरस्थायी झाली असती. नोंद लिहिल्यानंतर ती बदलली गेली नाही, हे ब्लॉकचेन सांगते. लिहिताना ती खरी होती का, हे तपासायला तिजोरी उघडून नोटाच मोजाव्या लागतात. 'ब्लॉकचेन आली की घोटाळे थांबतील' असे ठेवीदारांना सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांतील कित्येकांनी आपल्या आयुष्याची पुंजी परत मिळण्यासाठी बँकेच्या दारात रांगा लावलेल्या आहेत.

मुदत ठेवीचे टोकन करण्याच्या प्रस्तावाला माझा सर्वाधिक विरोध आहे. ठेव विम्याची पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवीदारनिहाय मोजली जाते. टोकन एका वॉलेटमधून (टोकने ठेवण्याच्या डिजिटल खात्यातून) दुसऱ्या वॉलेटमध्ये सहज जाऊ लागले, तर बँकेवर निर्बंध आले त्या दिवशी ठेवीदार कोण मानायचा? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवण्याची सोय झाली आहे. नौपाड्यातील एखाद्या ज्येष्ठ ठेवीदाराचे निधन झाले आणि वॉलेटची 'खासगी की', म्हणजे ते वापरण्याचा गुप्त संकेतांक, त्यांच्याबरोबरच गेली, तर वारस मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत येतील. त्यांना रक्कम द्यायची म्हणजे बँकेला जुने टोकन रद्द करून हिशेब मिटवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवावाच लागेल. न्यायालयाच्या जप्तीच्या आदेशाचेही तेच. असा अधिकार ठेवणारी टोकने तांत्रिकदृष्ट्या शक्य आहेत. केवायसी झालेल्या वॉलेटमध्येच जाऊ शकणारी आणि गोठवता येणारी ईआरसी-३६४३ पद्धतीची टोकने त्यासाठीच आहेत. पण मग कायद्याने ग्राह्य खातेवही बँकेचीच राहते आणि ब्लॉकचेनवर तिची प्रत उरते. हे सरळ कबूल केले तर निम्मे गैरसमज मिटतील.

शुल्काची बाब वरवर लहान दिसते. इथेरियमवर नोंद करायची तर गॅस फी, म्हणजे नोंदीचे नेटवर्क शुल्क, इथरमध्येच भरावी लागते, आणि इथर ही आपल्या प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने आभासी डिजिटल मालमत्ता आहे. तिच्यावरील नफ्याला २०२२ पासून ३० टक्के कर लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियामक सँडबॉक्सच्या (नव्या सेवा देखरेखीखाली आजमावून पाहण्याच्या) चौकटीत ब्लॉकचेनवरील उपयोजनांना जागा होती, क्रिप्टो-मालमत्तेच्या सेवांना नव्हती. सार्वजनिक ब्लॉकचेनच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. सहकारी बँकेने दहा रुपयांचा इथर ताळेबंदात कोठे दाखवायचा, हे आज कोणताही वैधानिक लेखापरीक्षक ठामपणे सांगायला धजावणार नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय बँकांच्या नियामकाने, नेटवर्क शुल्क भरण्यापुरते असे चलन बँका जवळ बाळगू शकतात, असा खुलासा नोव्हेंबर २०२५ मध्ये केला. आपल्याकडेही होकार असो वा नकार, तो लेखी हवा.

म्हणून रिझर्व्ह बँकेला माझी विनंती आहे की, सार्वजनिक ब्लॉकचेनचा स्पष्ट उल्लेख करून नागरी सहकारी बँकांसाठी एक परिपत्रक काढावे. त्यात ग्राहकाची कोणतीही वैयक्तिक माहिती, मग ती हॅशच्या रूपात का असेना, पुरेशा संरक्षणाशिवाय अशा नेटवर्कवर लिहिण्यास मनाई असावी. दैनंदिन नोंदींचा एकत्रित हॅश लिहिण्यास परवानगी असावी आणि त्यासाठीचे शुल्क कसे भरायचे व कसे दाखवायचे, हे सांगितलेले असावे. ठेवींची हस्तांतरणीय टोकने तूर्त थांबवावीत. कर्जरोख्यांचा विचार सेबीच्या साहाय्याने स्वतंत्रपणे व्हावा, कारण तेथे गुंतवणूकदार मुख्यतः संस्थात्मक असतात आणि डिपॉझिटरी ही उत्तरदायी संस्था आधीच अस्तित्वात आहे.

परिपत्रक निघेपर्यंत सभासदांच्या हातात एक मार्ग आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. आपल्या बँकेने ब्लॉकचेनसंबंधी एखादा करार केला असेल किंवा करण्याचे घाटत असेल, तर सभासदांनी सभेपूर्वी लेखी प्रश्न द्यावेत: कोणती माहिती बँकेबाहेर लिहिली जाणार आहे, वॉलेटची 'खासगी की' कोणाच्या ताब्यात राहणार आहे, चुकीची नोंद रद्द करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि पुरवठादार कंपनी बंद पडल्यास पावतीचे काय होणार आहे. या प्रश्नांची उत्तरे तोंडी न स्वीकारता ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.

आपली नम्र,
एक माहितीप्रणाली लेखापरीक्षक,
नेरूळ, नवी मुंबई